कौतुकही खरं वाटेनासं होतं तेव्हा

(पत्र मोठं आहे. ओळख कळेल असे तपशील गाळून, काही बदलून, सारांश देत आहे.)

ताई, मी सातपुड्यातल्या धडगावकडची, पावरा कुटुंबातली. शिक्षण आश्रमशाळेत, मराठीतून, बारावी शहाद्याला. आता पुण्यात कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला कोणी शिवी दिलेली नाही की अंगावर आलेलं नाही, त्यामुळे तक्रार करावी असं काही माझ्याकडे नाही. पण पहिल्याच आठवड्यात 'सीईटीला किती?' विचारलं, आकडा ऐकला, 'अच्छा, एसटी' म्हटलं आणि बोलणं संपलं. ऑफिसची नोटीस आली की सर भर वर्गात म्हणतात, 'एससी-एसटीवाले उभे राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म राहिलेत.' प्रोजेक्टमध्ये माझ्याकडे रिपोर्ट टाइप करायचा आणि स्पायरल बाइंडिंग करून आणायचं काम. ट्रॅडिशनल डेला 'तू तुमचा आदिवासी डान्स कर.' होळीला गावी गेले तर 'होळीला कोण चार दिवस जातं?' एका मॅडमनी माझं प्रेझेंटेशन झाल्यावर सगळ्यांना सांगितलं, 'बघा, कुठून आलीय ही, आणि किती छान बोलते.' वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. का ते अजून कळलेलं नाही. पहिल्या वर्षी मी पुढच्या बाकावर बसायचे. शहादा-धडगाव एसटी बसचं वेळापत्रक दाखवणारा छोटा प्रोग्रॅम हौसेने केला होता, तो कोणालाच दाखवला नाही. आता उत्तर येत असलं तरी हात वर होत नाही. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी लागली; तो पुन्हा द्यायचाय. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंडातून शब्द फुटत नाही, रात्री झोप येत नाही. रूममेट म्हणते, तू फार मनाला लावून घेतेस. खरंच माझंच चुकतंय का? की मी इथल्या लायकीचीच नाही? सगळं सोडून नंदुरबारला बी.ए.ला जावं असं वाटतं. घरी काही सांगितलेलं नाही.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात मी थांबले ती त्या टाळ्यांपाशी. बाकीचे प्रसंग लागले तर का लागले, हे तुला निदान सांगता येतं. कौतुक झालं आणि रडू आलं, याचा अर्थ मात्र तुला लागला नाही, आणि मला वाटतं 'आपलंच काहीतरी बिनसलंय' या निष्कर्षाकडे तू तिथूनच वळलीस. म्हणून आधी तेच घेते.

अमेरिकेतल्या जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सांगितलं, शेजारच्या खोलीत बसलेला एक गोरा विद्यार्थी तुमच्याबद्दल मत देणार आहे. दोन्ही खोल्यांच्या मध्ये काच होती. काही जणांच्या वेळी काचेवरचा पडदा उघडा ठेवला, म्हणजे तो आपल्याला बघतोय हे त्यांना माहीत. काही जणांच्या वेळी पडदा बंद. वाईट शेरा आला तेव्हा पडदा उघडा असलेल्यांना तो कमी झोंबला. हा शेरा आपल्या रंगाला मिळाला असेल, असं स्वतःला सांगायला जागा होती. पण चांगला शेरा आला तेव्हा पडदा उघडा असलेल्यांचा स्वतःबद्दलचा भरवसा कमी झालेला दिसला. हा खरंच माझ्या उत्तरांवर खूश आहे, की मला बघून चांगलं बोलायचं म्हणून बोलतोय? कळायला मार्ग नव्हता, आणि आलेली शाबासकी पदरात पडली नाही.

तुझ्या प्रेझेंटेशनच्या दिवशी पडदा सताड उघडा होता. मॅडमच्या मनात वाईट काही नसेल. नव्हतंच असं मी धरून चालते. पण त्यांनी तुझी तुलना वर्गातल्या बाकीच्या प्रेझेंटेशनशी केली नाही. धडगावची मुलगी केवढंसं बोलू शकेल याचा जो अंदाज त्यांनी मनात बांधला होता, त्याच्याशी केली. स्लाइड कशा होत्या, अल्गोरिदम नीट समजावला का, प्रश्नांना उत्तरं बरोबर आली का, याबद्दल एक अक्षर नाही. तुझ्यापर्यंत पोहोचलं ते एवढंच, की त्यांची अपेक्षा किती खाली होती. त्यावर रडू आलं तर त्यात विचित्र काय आहे?

या विषयावर बोलताना सगळे अपमानाबद्दल बोलतात. अपमान होतो, तो दुखतो, हे आहेच. पण इतकी वर्षं विद्यार्थ्यांची पत्रं वाचताना मला त्याहून मोठं नुकसान वेगळंच दिसत आलं आहे. अशा जागी राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला स्वतःचं खरं मोजमाप मिळेनासं होतं. काटा आधीच सरकलेल्या तराजूवर रोज उभं राहावं, तसं. मार्क कमी आले: अभ्यास कमी पडला, की आडनाव वाचलं गेलं? कौतुक झालं: काम चांगलं होतं, की कीव? कोडिंगचा भाग मिळाला नाही: मला येत नाही म्हणून, की येत नसेल असं धरूनच चालले म्हणून? उघड शिवीगाळ करणाऱ्याबद्दल निदान हा प्रश्न पडत नाही. इथे दिवसातून दहा वेळा पडतो, आणि जे डोकं एम-थ्रीच्या लाप्लास ट्रान्सफॉर्मला हवं असतं ते याचा हिशोब मांडण्यात खर्ची पडतं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तुला जो थकवा येत असेल, तो कष्टाचाच थकवा आहे.

त्यामुळे रूममेटचं म्हणणं मला पटत नाही. मनाला लावून घेतलं नाही तर काही होत नाही, असं तिला वाटतं. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांना कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. निम्मी मुलं तथाकथित वरच्या जातींची, निम्मी दलित. सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे. जात उघड केली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. मग काही गटांत कोडी सुरू करण्याआधी प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं-आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. त्या गटांत दलित मुलांची सुटलेली कोडी जवळपास चतुर्थांशाने घटली. कोणी शिवी दिली नव्हती, कोणी हसलं नव्हतं. मुलं तीच, कोडी तशीच. मानसशास्त्रातल्या अशा प्रयोगांचे निकाल सगळीकडे सारखे येत नाहीत, त्यामुळे मी त्यावर सगळी इमारत उभी करणार नाही. पण 'एससी-एसटीवाले उभे राहा' म्हणणाऱ्या तुझ्या सरांच्या वर्गात दर सेमिस्टरला तेच घडतं, हे कळायला प्रयोगाची गरज नाही.

आता तुझ्या पत्रातल्या काही गृहीतांकडे येते. रागावू नकोस.

'तक्रार करावी असं काही माझ्याकडे नाही,' असं तू लिहितेस. उच्च शिक्षणसंस्थांत समता राखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली एक नियमावली केली. वर्गात विद्यार्थ्यांच्या जाती-जमातींची नावं जाहीर करणं, त्यांना 'राखीव'वाले म्हणून शिक्का मारणं, कमी मार्कांचं कारण म्हणून जात किंवा प्रदेशाकडे बोट दाखवणारे शेरे मारणं, हे सगळं त्यात छळ म्हणून नमूद आहे. म्हणजे ज्याला तू 'काही नाही' म्हणतेस ते कागदावर लिहून ठेवलेलं आहे. तक्रार ऐकायला समान संधी केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असंही त्यात आहे. बऱ्याच ठिकाणी हा अधिकारी कोण हे त्या अधिकाऱ्यालाच आठवत नाही, तो भाग निराळा. हे नियम नीट पाळले जावेत म्हणून २०१९ साली हैदराबाद विद्यापीठातले संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका आणि डॉ. पायल तडवी यांच्या आई आबेदा, आपली मुलं गमावलेल्या या दोघी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पायल जळगावकडच्या, तडवी भिल्ल समाजातल्या, मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या. तुझ्याच मुलखाच्या शेजारच्या.

दुसरं गृहीत जास्त नाजूक आहे. तुझ्या प्रश्नात दोनच पर्याय आहेत: एक तर सगळं त्यांचं चुकतंय, नाही तर तू लायक नाहीस. मला हे दोन वेगळे हिशोब वाटतात. भेदभाव होतोय, हे खरं. आणि एम-थ्री तुला जड जातंय, हेही खरं असू शकतं, आणि त्याची कारणं लायकीत शोधायची गरज नाही. घरात पावरी, शाळेत मराठी, शहाद्यात थोडी हिंदी आणि आता सगळी पुस्तकं इंग्रजीत. तुझ्या वर्गातली अर्धी मुलं पाचवीपासून क्लासला जात आली आहेत. हे अंतर खरं आहे, ते अभ्यासानेच कापावं लागेल, आणि ते सगळं भेदभावाच्या खात्यात टाकलंस तर एम-थ्री तिथेच राहील. पण त्यावरून 'मी इथली नव्हे' हा निकाल कसा निघतो? तुझ्या वर्गात आणखी किती जणांना एम-थ्रीची केटी लागली, हे तू लिहिलेलं नाहीस. इंजिनिअरिंगचं गणित ज्यांनी पाहिलंय त्यांना अंदाज आहे. त्यातला पुण्याचा मुलगा 'पेपर टफ होता यार' म्हणून चहाला गेला असेल. तू मात्र त्याच केटीवरून स्वतःच्या समाजाचा निकाल लावत बसलीस.

सीटचंही बोलू, कारण पर्सेंटाइलचा प्रश्न पुन्हा येणार आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ९ टक्क्यांहून थोडी जास्त आहे आणि प्रवेशातला वाटा ७ टक्के. तू कोणाच्या ताटातलं घेतलेलं नाहीस. शिवाय आरक्षण दारापर्यंत असतं. आत आल्यावर पेपर तोच, पासिंगही तेवढंच, आणि उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली, तेव्हा आरक्षणातून आलेल्या कर्मचाऱ्यांमुळे काम घसरल्याचा पुरावा मिळाला नाही. 'सीईटीला किती?' या प्रश्नाला 'जेवढे लागत होते तेवढे' एवढं उत्तर पुरे आहे. हसून दे.

पुष्कळ जण तुला सांगतील, दुप्पट अभ्यास कर आणि दाखवून दे. मी सांगणार नाही. ज्यांनी आधीच ठरवलंय त्यांना दाखवून देण्याला अंत नसतो. तू पहिली आलीस तर ते म्हणतील, 'तू आदिवासी वाटतच नाहीस.' साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबातून डॉक्टर आणि मग नंदुरबारचे जिल्हाधिकारी झालेल्या राजेंद्र भारुड यांचं उदाहरण आजवर तुला कितीदा ऐकवलं गेलं असेल, याची मला कल्पना आहे. मोठा माणूस, वादच नाही. पण तुझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा सात पॉइंटर घेऊन, एखाद्या बऱ्याशा कंपनीत लागून, सुखाने जगणार आहे, आणि त्यावरून त्याच्या जातीबद्दल कोणी काही म्हणणार नाही. तेवढं साधारण असण्याचा हक्क तुलाही आहे.

मग करायचं काय? माझ्या मते पहिलं काम, विश्वास ठेवता येईल असं मोजमाप पुन्हा मिळवणं. त्याची सुरुवात तुझ्या हातात असलेल्या कागदांपासून होते. लेखी पेपरात तपासणाऱ्याला तू दिसत नाहीस. टर्मवर्क, ओरल, व्हायवात दिसतेस. तीन सेमिस्टरच्या मार्कशीट घे आणि हे दोन प्रकारचे मार्क शेजारी शेजारी लिही. लेखीत बरे आणि ओरलला सातत्याने कमी असतील, तर विषय तुला येतो; समोर कोणी बसलं की काहीतरी होतं, तुझ्याकडून किंवा त्यांच्याकडून. लेखीतही कमी असतील तर त्या विषयाला वेळ द्यायचा. एवढ्याशा मार्कांवरून कोणाला दोषी ठरवता येणार नाही, पण 'मी लायक नाही' या ढोबळ वाक्याऐवजी तुझ्यापुढे निदान नेमका प्रश्न येईल.

मग एक शिक्षक निवड. प्रेमळ नको, कडक निवड. जो सगळ्यांच्याच जर्नलवर लाल पेनाने लिहितो तो. त्याच्याकडे जाऊन 'बरोबर आहे का सर?' असं विचारू नकोस, त्याला 'हो, छान' हे उत्तर ठरलेलं असतं. 'या उत्तराला दहापैकी किती द्याल, आणि कुठे कापाल?' असं विचार. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४चा एक छोटा अभ्यास आहे. सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी दुरुस्त्या लिहिल्या. काही वह्यांना सोबत एक साधी चिठ्ठी जोडली, काहींना वेगळी, तिचा अर्थ असा: माझ्या अपेक्षा फार वरच्या आहेत आणि तू तिथवर पोहोचशील हे मला माहीत आहे, म्हणून एवढं लिहितोय. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्क्यांनी निबंध पुन्हा लिहून दिला. ही वेगळी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी. दुरुस्त्या तशाच होत्या. टीका अपमान म्हणून येत नाही याची खात्री पटली, तेव्हा मुलं कामाला लागली. तुझ्या कॉलेजात अशी चिठ्ठी कोणी लिहीलच असं नाही, पण कडक आणि सर्वांना सारखा असा एक माणूस तुला शोधता येईल. तो एसटीच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम त्यालाच दाखव. कौतुक करून घ्यायला नको, चुका काढून घ्यायला.

एक वही कर. तारीख, काय बोललं गेलं ते शब्दशः, कोण हजर होतं. पानाच्या दुसऱ्या बाजूला त्यावरून तुला काय वाटलं ते. दोन्ही एकत्र मिसळू नकोस. महिन्याने वाचशील तेव्हा काही गोष्टी एकाच माणसाकडून पुन्हा पुन्हा येताना दिसतील, काही एकदाच घडून गेलेल्या दिसतील, आणि एखाद-दोन ठिकाणी 'इथे मीच जास्त वाचलं' असंही वाटेल. तसं वाटलं तर घाबरू नकोस, त्याने बाकीचं खोटं ठरत नाही. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हीच वही कामाला येते. आणि डोक्यात फिरत राहणाऱ्या गोष्टींना कागदावर जागा मिळाली की त्या रात्री कमी फिरतात, हा तर ताबडतोबीचा फायदा.

टोमण्यांना प्रत्येक वेळी उत्तर देण्याची जबाबदारी तुझ्यावर नाही. ज्या दिवशी बळ असेल त्या दिवशी दे. 'म्हणजे काय म्हणायचंय?' असं शांतपणे विचारलं तरी बरेच जण गडबडतात, कारण आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच सोडवून सांगावं लागतं. होळीबद्दल कोणी विचारलं तर 'तुमची दिवाळी, तशी आमची होळी' एवढं सांग. सातपुड्यात होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून गावंच्या गावं होळीच्या नादात असतात, काठी गावची राजवाडी होळी बघायला लांबलांबून माणसं येतात, आणि रंगपंचमीला पिचकारी मारून घरी जाणाऱ्या शहराला हे ठाऊक नसतं. रजेचा अर्ज मात्र आधी, लेखी दे. आणि 'आदिवासी डान्स' एकटीने करायचा नसतोच. 'रिंगणाला बारा जणी लागतात, तुम्ही उतरणार का?' असं विचार. उतरल्या तर मजा येईल, नाही उतरल्या तर विषय मिटला.

प्रोजेक्टचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे तुझं शिकणंच थांबतं आहे. कामं वाटून झाल्यावर नाराज होण्यात अर्थ नाही; वाटण्याआधी बोलायचं. पुढच्या वेळी गट ठरला की त्याच दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिही, 'डेटाबेसचा भाग मी घेते, रिपोर्ट आपण सगळे आपापला लिहू.' लिहिलेलं राहतं. ऐकलं नाही तर गाइडना सांग, प्रत्येकाने कोडचा कोणता भाग केला ते रिव्ह्यूला विचारा म्हणून. ही तक्रार नाही, आणि गाइडनाही ती तशी वाटणार नाही.

व्हायवासाठी एक साधा उपाय. होस्टेलच्या मुलींसमोर प्रत्येक प्रयोग आधी पावरीत किंवा मराठीत मोठ्याने समजावून सांग, मग इंग्रजीत. पहिली दोन वाक्यं पाठ असू देत, कारण जीभ अडते ती पहिल्या वाक्याला. एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना, 'आधी मराठीत सांगितलं तर चालेल का?' असं विचारायला हरकत नाही. पुष्कळ जण हो म्हणतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या 'ई-कुंभ' पोर्टलवर अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं मोफत आहेत. त्यांची भाषा कधी कधी इंग्रजीपेक्षा अवघड असते, हे कबूल. तरी इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवून वाचायला उपयोग होतो.

आपल्या भागातल्या सीनियर मुलामुलींना शोध. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, मेळघाट, गडचिरोली, कुठलेही. त्यांनी हे सगळं पाहिलेलं असतं, आणि कुठल्या सरांचं बोलणं मनावर घ्यायचं, कुठल्यांचं नाही, हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही. 'तुम्ही तुमचेच एकत्र राहता' असं कोणी म्हणालं तर दुर्लक्ष कर. पुण्याची मुलं कुठे धडगावच्या मुलांत राहतात?

तक्रारीला सुरुवात करायचीच असेल तर त्या 'उभे राहा'पासून कर. ते सिद्ध करायला काही लागत नाही, साठ जणांनी पाहिलंय. एकटी जाऊ नकोस. वर्गातल्या एससी, एसटी, एनटी, ओबीसी मुलांनी मिळून प्राचार्यांना चार ओळींचं पत्र द्यायचं: शिष्यवृत्तीच्या सूचना ज्याच्या त्याच्या फोनवर किंवा ईमेलवर पाठवाव्यात, वर्गात प्रवर्ग पुकारू नयेत, २०१२च्या नियमावलीचा उल्लेख आणि पोचेची प्रत. कोणाचं नाव घ्यायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम होतं, कारण त्या सरांनी यापूर्वी यावर विचारच केलेला नसतो. सीनियर मुलांकडून छळ होत असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. जमात, भाषा, प्रदेश यांवरून केलेला त्रासही २०१६च्या दुरुस्तीनंतर रॅगिंगच धरला जातो. आणि कोणी सगळ्यांसमोर जमातीवरून जाणूनबुजून पाणउतारा केला, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तुझ्या पत्रातल्या गोष्टी तिथवर गेलेल्या नाहीत असं मला वाटतं. पण तो आहे, हे माहीत असावं.

हे सदर वाचणाऱ्या शिक्षकांना दोनच गोष्टी. मागासलेल्या भागातून आलेल्या मुलीचं कौतुक करायचं असेल तर तिच्या कामाचं करा, गावाचं नको. काय चांगलं होतं आणि काय कमी पडलं, दोन्ही सांगा. आणि 'तुला जमेल तेवढं कर' असं मायेने म्हणणं थांबवा. त्या वाक्यातून मुलांना माया ऐकू येत नाही.

झोपेचं अंगावर काढू नकोस. दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे चालू असेल, जेवण तुटलं असेल, किंवा जगणंच नको असं क्षणभर जरी मनात आलं असेल, तर १४४१६ला फोन कर. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कॉलेजात समुपदेशक असेल तर त्यांनाही भेट. एका भेटीत सूर जुळला नाही तर दुसरा गाठ.

राहिला बी.ए.चा प्रश्न. नंदुरबारला बी.ए. करणं ही काही पायरी खाली उतरणं नव्हे. इतिहास किंवा मराठी शिकायची ओढ असेल तर खुशाल जा. पण तुझ्या पत्रात बी.ए.त काय शिकायचंय याबद्दल एक ओळ नाही, आणि कोणी सांगितलं नसताना केलेल्या एका प्रोग्रॅमबद्दल आहे. उद्यापासून हे टोमणे, हे उभं राहणं बंद झालं असं समज. तरी कम्प्युटर सोडावासा वाटेल का? उत्तर 'हो' असेल तर निर्णय योग्य आहे. 'नाही' असेल तर दुसऱ्यांच्या वागण्यापायी तू तुझा विषय सोडत आहेस. हे उत्तर आज रात्री देऊ नकोस. केटीचा फॉर्म मुदतीत भर, परीक्षा दे, निकाल हातात येऊ दे.

घरी मात्र आता सांग. परवानगी मागायला नाही, त्यांना माहीत असावं म्हणून. 'केटी' ऐकून ते घाबरतील. पूर्ण वर्ष गेलं नाही, एक विषय पुन्हा द्यायचाय, हे आधी सांग. आणि निकालानंतरही सोडायचंच ठरलं, तर कॉलेजात अर्ज देण्याआधी शिष्यवृत्तीचं काय होतं, वसतिगृहातली जागा कधी जाते, मूळ कागदपत्रं कोणाकडे आहेत, हे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारून घे. पुण्यासाठी ते घोडेगावला आहे.